'लाइन बिझी आहे': साठीच्या विनोदपटाला सलाम करणाऱ्या एका वऱ्हाडी लघुपटाचं प्रकरण

यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याच्या पट्ट्यात, एका हौशी गटाने बावीस मिनिटांचा लघुपट केला. काळ १९६४, ठिकाण जिनिंग (सरकी काढून रुई वेगळी करायचा कारखाना) असलेलं एक तालुक्याचं गाव. साठीच्या दशकात पडद्यावर जी चटकदार, रंगीबेरंगी, गैरसमजांवर चालणारी प्रेमकथा असायची, तिला आजच्या माणसांनी केलेला सलाम, एवढाच उद्देश. मे महिन्यात चित्रीकरण झालं. जूनमध्ये पहिली जुळणी, म्हणजे प्रसंग कापून-जोडून केलेला लघुपट, शाळेच्या भिंतीवर पडदा लावून साठेक माणसांना दाखवली. चार ठिकाणी हसू आलं. त्यातली दोन ठिकाणं विनोदाची नव्हतीच: एकदा पोस्टाच्या पाटीवर पिनकोड दिसला, एकदा नायकाचा टेरिलीनचा बुशशर्ट घामाने पाठीला चिकटला.

कपडे जमले होते, केसांचा अंबाडा जमला होता, भिंतींचा निळा रंग जमला होता. तरी लोक शांत बसून होते. नोव्हेंबरात गटाने जवळपास निम्मी कथा बदलली आणि चार दिवस पुन्हा चित्रीकरण केलं. मधल्या पाच महिन्यांत दोष कुठे सापडला आणि तो कसा काढला, त्याची ही नोंद.

गावात वेषांतर होत नाही

पहिल्या कथेत नायिका शिक्षिका होती. लग्नाच्या विरोधात मासिकात लेख लिहिणारी. नायक जिनिंगवाल्या शेटजींचा पुतण्या. तो तिची जिरवायची म्हणून पुण्याहून आलेला सरकारी अधिकारी बनून तिला भेटतो आणि स्वतःच प्रेमात पडतो. साचा कुठून आला ते लपत नाही. २००३ च्या 'डाऊन विथ लव्ह'मध्ये रेने झेल्वेगरची नायिका बायकांनी प्रेमापासून दूर राहावं असं पुस्तक लिहिते आणि इवान मॅकग्रेगरचा पत्रकार तिला खोटी पाडायला दुसराच माणूस बनून येतो. कथा १९६२ च्या न्यूयॉर्कमधली. पेटन रीडचा तो चित्रपट मुळात डोरिस डे आणि रॉक हडसन यांच्या तीन चित्रपटांना केलेला सलाम आहे: 'पिलो टॉक' (१९५९), 'लव्हर कम बॅक' (१९६१) आणि 'सेंड मी नो फ्लॉवर्स' (१९६४). त्या तिन्हींत नायकाच्या किंवा नायिकेच्या मागेपुढे असणारा टोनी रँडलही रीडने आपल्या चित्रपटात एका भूमिकेत घेतला. म्हणजे आपल्या गटाने सलामाला सलाम ठोकला. त्याला हरकत नाही. हरकत अशी की न्यूयॉर्कात जे आपोआप मिळतं, ते या गावात नाही.

न्यूयॉर्कात माणूस अनोळखी असू शकतो. अडीच-तीन हजार वस्तीच्या गावात शेटजींचा पुतण्या सायकल काढून एसटी स्टँडपर्यंत गेला तरी वाटेत चौघं विचारतात, "काहून भौ, कुठं निंगाला?" तो चष्मा लावून, भांग बदलून शिक्षिकेसमोर 'मी पुण्याचा' म्हणत उभा राहिला, तेव्हा प्रेक्षकांतून आलेला शेरा हाच खरा निदानाचा धागा होता: "याले तं अख्खं गाव ओयखते."

वेषांतराच्या विनोदाला प्रेक्षक एक सवलत देतो. नायिका फसू शकते, एवढं तो मान्य करतो. मात्र ती का फसते याला एक तरी भक्कम कारण लागतं. 'प्रोफेसर'मध्ये (१९६२) शम्मी कपूर म्हातारा बनतो, कारण तरण्या मुलाला त्या घरात शिकवणीची नोकरी मिळणार नसते. नियम आधी येतो, दाढी नंतर. 'पडोसन'मध्ये (१९६८) सुनील दत्त खिडकीत उभा राहून ओठ हलवतो आणि मागून किशोरकुमार गातो. ते पटतं, कारण मध्ये दोन खिडक्यांचं अंतर आहे आणि नायिकेला दिसतो फक्त खिडकीच्या चौकटीतला माणूस. दोन्हीकडे अडसर खरा आहे. आपल्या लघुपटात अडसरच नव्हता. नायक-नायिका हवं तेव्हा भेटत होते, तेही भर चौकात, आणि त्यामुळे त्यांनी फोनवर का बोलावं हेही कळत नव्हतं. फोन होता तो केवळ साठीचा वाटतो म्हणून.

मधली रेघ कशासाठी असते

साठीच्या विनोदपटाची ओळख म्हणून सगळे दुभंगलेली चौकट उचलतात: डावीकडे ती, उजवीकडे तो, मध्ये रेघ, दोघांच्या कानाला रिसीव्हर. पहिल्या जुळणीत असे पाच प्रसंग होते. एकही चालला नाही.

ती रेघ आली कशी हे पाहिलं की पुढचं सोपं होतं. अमेरिकेत १९३४ पासून चित्रपटांवर नैतिक संहितेची सक्ती होती. १९६८ मध्ये तिच्या जागी वयोगटांची वर्गवारी आली. लग्नाआधी दोघांना एका पलंगावर किंवा एका न्हाणीघरात दाखवायची सोय नव्हती. 'पिलो टॉक'मध्ये दोघं आपापल्या घरी, आपापल्या टबात फोनवर बोलतात, आणि चौकट अशी जोडली आहे की दोघांचे तळवे मधल्या रेघेवर एकमेकांना टेकल्यासारखे दिसतात. नियम पाळलाय आणि मोडलाय, दोन्ही एकाच वेळी. त्या दोघांचा फोनही साधा नाही, सामाईक लाइन आहे. एकाने उचलला की दुसऱ्याचं बोलणं कानावर पडतं. भांडणही त्यातूनच आणि ओळखही त्यातूनच.

१९६४ च्या वऱ्हाडात सामाईक लाइनची जागा कोण घेईल? टेलिफोन एक्स्चेंजमधली ऑपरेटर. लहान एक्स्चेंजात तेव्हा मॅग्नेटो पद्धत असायची. फोनला तबकडी नाही. बाजूचं हँडल फिरवायचं, की एक्स्चेंजच्या बोर्डावर तुमच्या क्रमांकाची झडप खाली पडायची. ऑपरेटर टोकाला प्लग असलेली एक दोरी त्या क्रमांकाच्या भोकात खोचून विचारायची, "नंबर?" मग दुसरी दोरी हव्या त्या क्रमांकात. बाहेरगावी बोलायचं तर ट्रंक कॉल बुक करायचा: ऑर्डिनरी, अर्जंट किंवा लाइटनिंग, आणि लाइन लागेपर्यंत थांबायचं. हिशेब तीन-तीन मिनिटांचा. थेट फिरवून लागणारी एसटीडी सेवा देशात पहिल्यांदा १९६० मध्ये कानपूर–लखनौ अशी सुरू झाली होती. तालुक्याच्या गावाला तिची वाट फार पाहावी लागली.

इथे कथेचा गुंता सुटला. गावात सगळे एकमेकांना तोंडाने ओळखतात, पण ऑपरेटर माणसांना फक्त आवाजाने आणि झडपेच्या क्रमांकाने ओळखते. तिच्या खोलीवर 'आत येण्यास मनाई' अशी पाटी. अनोळखीपणा गावात कुठे शिल्लक असेल तर तो तारेवर.

नव्या कथेत शिक्षिका गेली, ऑपरेटर आली. शेटजींचा पुतण्या दिवसा जिनिंगच्या ७ क्रमांकावरून तिच्याशी भांडतो: मुंबईची लाइन अजून का नाही, रुईचे भाव मला काय उद्या कळणार का. संध्याकाळी डाकबंगल्याच्या १२ क्रमांकावरून तोच माणूस पुण्याहून आलेल्या सर्वे अधिकाऱ्याच्या गोड, मोजक्या आवाजात पुण्याचा ट्रंक कॉल मागतो आणि लाइन लागेपर्यंत गप्पा मारतो. लाइन लागली की तिला दोरी खोचावीच लागते, गप्पा संपतात. मागे खुर्चीवर सुपरवायझर बसलेला, खाजगी बोलणं बंद. संहितेचं काम तो करतो, फुकटात. आणि तिसऱ्या संध्याकाळी ती पहिल्यांदा खोटं बोलते: "लाइन बिझी आहे." लाइन मोकळी असते. प्रेक्षकाला बोर्ड दिसतो, नायकाला दिसत नाही.

एवढ्या तीन शब्दांत जे प्रेम कबूल होतं ते आधीच्या कथेत सव्वादोन पानांच्या संवादांत झालं नव्हतं.

भांडं फुटतं तेही बोर्डावरच. डाकबंगल्यात खरोखरचा अधिकारी मुक्कामाला येतो. नायकाला वेळ चुकवायची नसते, म्हणून तो जिनिंगच्या ऑफिसातून हँडल फिरवतो आणि सवयीने पुणेरी आवाजात बोलतो. पडद्यावर झडप ७ पडते, कानात आवाज १२ चा येतो. संवादाची गरज नाही. ती दोन सेकंद झडपेकडे पाहते आणि नेहमीच्या सुरात विचारते, "नंबर?" तिथून पुढे फसवणारी ती.

बोर्ड कसा केला

खरा मॅग्नेटो बोर्ड भाड्याने मिळेना. गटाने तो बनवला, आणि या प्रकरणातलं सगळ्यांत चांगलं काम हेच.

१२ मिलिमीटर प्लायवूडचा उभा फळा, दोन फूट रुंद, अडीच फूट उंच, शिसवी रंगाचं पॉलिश. वर पाच ओळींत पन्नास झडपा, खाली पाच ओळींत पन्नास भोकं. भोकांसाठी ६.३५ मिलिमीटरचे जॅक वापरले, जे ऑर्केस्ट्रावाले गिटार आणि अॅम्प्लिफायरला लावतात. ते शोभतात याला कारण आहे: हा जॅक जन्माला आला तोच टेलिफोनच्या बोर्डासाठी. पन्नासांपैकी वीसच खरे बसवले, बाकी भोकांना काळे वायसर चिकटवले. कॅमेरा ज्या भागाजवळ जाणार तिथे खरे. प्लगच्या मागे आजची रबरी वायर शोभत नाही, म्हणून तिच्यावर सुती नाडी चढवली. प्रत्येक दोरीच्या पोटात, टेबलाखाली, शंभर ग्रॅमचं वजन लोंबतं, म्हणजे प्लग सोडला की दोरी आपोआप आत ओढली जाते आणि प्लग टेबलावर ताठ उभा राहतो. पहिल्या दिवशी वजनं नव्हती. दोऱ्यांचा गुंता झाला आणि नटीचं अर्धं लक्ष तो सोडवण्यात गेलं.

झडपा पातळ पत्र्याच्या, वरून क्रमांक रंगवलेले, खालून बिजागरी. पडणाऱ्या झडपा चारच: ७, १२, ३ आणि ट्रंकची. फळ्यामागे बसलेला माणूस मासे पकडायच्या नायलॉन दोऱ्याने खिट्टी ओढतो. यात चूक अशी झाली की झडप नटीच्या वाक्याच्या अंदाजाने पाडली जात होती. विनोदात झडप हे एक पात्र आहे, तिला स्वतःची वेळ हवी. मग मागच्या माणसाला संवादाचा कागद न देता आकडे दिले: तिच्या शेवटच्या शब्दानंतर मनात 'एक, दोन' आणि मग ओढ. पत्र्याचा आवाज प्रत्यक्ष चित्रीकरणात बोदा येतो. तो नंतर वेगळा ध्वनिमुद्रित करून घातला, आणि दृश्यापेक्षा एक फ्रेमही मागे पडू दिला नाही. आवाज उशिरा आला की डोळ्याला झडप खोटी वाटते.

दुभंगलेल्या चौकटीचं गणित

साठीत हे काम ऑप्टिकल प्रिंटरवर, म्हणजे फिल्मवरून पुन्हा फिल्म छापणाऱ्या यंत्रावर, चौकटीचा नको तो भाग झाकून व्हायचं. आज ते संगणकावर होतं, म्हणून लोकांना वाटतं नंतर बघू. नंतर काहीच बघता येत नाही. सगळं चित्रीकरणाच्या आधी ठरतं.

रुंद पडदा २.३९ : १ ठेवायचा तर ३८४० पिक्सेल रुंदीच्या चित्राची उंची साधारण १६०८ होते. दोन भाग केले की प्रत्येकी १९२० × १६०८, म्हणजे जवळपास चौरस. ३८४० × २१६० मध्ये चित्रीकरण करून मधला चौरसच वापरायचा. चित्र मोठं करावं लागत नाही आणि वर-खाली मिळून ५५२ ओळींची मोकळीक राहते. पहिल्या वेळी नटांना नेहमीसारखं आडव्या चौकटीत डाव्या-उजव्या कडेला बसवलं होतं. कापल्यावर निम्मा चेहरा गेला, म्हणून चित्र दाबून बसवलं आणि माणसं बारीक दिसली. नोव्हेंबरात मॉनिटरवर काळी पट्टी चिकटवून चौरस आखून घेतला, एवढ्यात काम भागलं.

दोन्ही बाजूंना एकच लेन्स (३५ मिलिमीटर), लेन्सपासून डोळ्यांपर्यंतचं अंतर अडीच मीटर, कॅमेऱ्याची उंची चार फूट, टेबलाची कड जमिनीपासून अडीच फूट. हे आकडे दाराच्या चौकटीवर खडूने लिहून ठेवले होते. टेबलाच्या कडा दोन इंचांनी जरी वरखाली झाल्या तरी मधल्या रेघेवर पायरी दिसते, आणि दोघं एकाच टेबलाशी बसल्याचा जो चोरटा आनंद असतो तो जातो.

कान कोणता? डावीकडच्या पात्राने उजवीकडे, म्हणजे रेघेकडे पाहायचं आणि रिसीव्हर डाव्या कानाला लावायचा, उजवीकडच्याने उजव्या. म्हणजे कॅमेऱ्याच्या बाजूचा गाल मोकळा राहतो. ऑपरेटरला मात्र रिसीव्हर नाही, तिच्या डोक्यावर पट्टा आणि गळ्यातून वर आलेलं बोलायचं भोंगं, हात मोकळे. हा फरक नटीला फार उपयोगी पडला. तो रिसीव्हरला बांधलेला, ती दोऱ्या खोचत, चिठ्ठ्या लिहीत, मध्येच दुसऱ्या ग्राहकाला "थांबा" म्हणत बोलते.

आता मुख्य गोम. साध्या प्रसंगात संवादाची गती जुळणीच्या टेबलावर सुधारता येते: नटाने उशीर केला तर मधला वेळ कापा. दुभंगलेल्या चौकटीत एक बाजू कापली की ती बाजू उडी मारते आणि दुसरी बाजू चालूच असते. म्हणजे विनोदाची वेळ नटांनीच पाळायची, तुमच्या हाती काही नाही. मे महिन्यात आधी नायकाचे सगळे टेक घेतले, दोन दिवसांनी नायिकेचे, तिला समोरून दिग्दर्शक सपाट आवाजात वाक्यं वाचून देत होता. दोघं दोन वेगळ्या चित्रपटांत असल्यासारखे दिसतात. नोव्हेंबरात शाळेच्या दोन शेजारच्या खोल्यांत दोन संच लावले, दुसरा कॅमेरा दोन दिवसांपुरता भाड्याने आणला, दोघांच्या कानात एकमेकांचे आवाज सोडले आणि पूर्ण प्रसंग सलग घेतले. सर्वांत लांब प्रसंग दोन मिनिटं दहा सेकंदांचा. तो नवव्या टेकला बसला. दुसरा कॅमेरा नसेल तर आधी एका बाजूचा उत्तम टेक निवडून त्याचाच आवाज दुसऱ्याच्या कानात वाजवावा. चालतं, पण दुसरा नट मग पहिल्याच्या मागे फरफटतो.

सुटकेची एक वाट मात्र ठेवावीच. तिसरा भाग. चौकटीचे तीन उभे तुकडे (प्रत्येकी १२८० रुंद) करून मधल्यात बोर्ड किंवा सुपरवायझरची पाठ दाखवता येते. मधला तुकडा सरकत आला की त्याच्याआड दोन्ही बाजूंचे टेक बदलता येतात.

बोली

'पिलो टॉक'मध्ये नायक टेक्ससचा पशुपालक असल्याची बतावणी करतो आणि सगळी गंमत त्याच्या लांबवलेल्या उच्चारांत आहे. आपल्याकडे हेच काम वऱ्हाडी आणि पुणेरी करू शकतात, पण गटाने पहिल्यांदा ते उलटं लावलं होतं. वऱ्हाडीला मोठ्याने, हातवारे करत, 'गावठी' म्हणून बोलवलं. ज्यांची ती रोजची भाषा आहे ते प्रेक्षक त्यावर हसत नाहीत, उलट आखडतात. टीव्हीवरच्या विनोदाने लावलेली ही वाईट खोड आहे.

दुरुस्ती अशी: वऱ्हाडी साधी, खालच्या पट्टीत, कामाच्या माणसाची. सोंग आहे ते पुणेरीचं, म्हणून धाप लागायची ती पुणेरी बोलताना. दुसऱ्या पटकथेतला हा तुकडा पाहा. नायक १२ वरून बोलतोय, डाकबंगल्याचा चौकीदार शेजारी उभा.

"नमस्कार. पुण्याच्या कॉलचं काही कळेल का?"
"दीड तास लागेल. ऑर्डिनरी आहे तुमचा."
"हरकत नाही. मला मुळीच घाई नाही."
(चौकीदार, हळूच) "भाऊ, कंदिलातलं तेल सरून रायलं."
(रिसीव्हर झाकून) "मंग आनना काका! मले काहून सांगता?" (रिसीव्हरमध्ये) "क्षमा करा. आमचे... सहकारी."
"सहकाऱ्यांना तेल आणायला सांगा. दीड तास आहे."

रिसीव्हर झाकला तरी तिला ऐकू आलंय, हे शेवटच्या ओळीत कळतं. ती तेवढ्यावरून ओळखत नाही, कारण चौकीदाराशी वऱ्हाडीत बोलणारा अधिकारी अशक्य नाही. पण प्रेक्षकाच्या पोटात गोळा येतो. चौकीदार म्हणजे आपला टोनी रँडल: नायकाचं खोटं सांभाळता सांभाळता ज्याची झोप, तेल आणि अब्रू तिन्ही जातात. ऑपरेटरने ड्यूटीवर प्रमाण मराठीच बोलावं, 'अहो-जाहो'त. ती एकदाच वऱ्हाडीत बोलते, अगदी शेवटी, आणि ती ओळ इथे फोडत नाही.

काळाच्या चुका, रंग, उजेड

पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला आला, तेव्हा १९६४ च्या पाटीवर तो शक्य नाही. त्याच जातीची दुसरी चूक जिनिंगच्या दारावर होती: सरकारी कापूस खरेदीची पाटी. एकाधिकार खरेदी, म्हणजे कापूस फक्त सरकारनेच घ्यायचा, ही १९७२ च्या हंगामापासूनची. त्याआधी व्यवहार अडत्या, दलाल आणि जिनिंगवाल्यांचा, आणि म्हणूनच तर नायकाला मुंबईच्या भावाची घाई असते. पाटी काढल्यावर कथेलाच बळ मिळालं. रेडिओ ठेवायला अडचण नाही: आकाशवाणीचं नागपूर केंद्र १९४८ चं, विविध भारती १९५७ ची. शकुंतला ही यवतमाळ–मूर्तिजापूर मार्गावरची छोट्या रुळांची गाडी दाखवायचा मोह झाला होता. त्या काळी ती वाफेच्या इंजिनावर होती, १९९४ मध्ये डिझेल आलं. इंजिन आणणार कुठून? शिट्टी आणि खिडकीबाहेरून सरकणारा धूर, तेवढ्यावर भागवलं.

रंग तीनच ठेवले: चुन्यात नीळ कालवलेली भिंत, मोहरीसारखा पिवळा, पोवळ्याचा लालसर. नायिकेची साडी कधीच भिंतीच्या रंगाची नाही. उजेड सपाट आणि भरपूर, कारण या जातीच्या चित्रपटात सावलीत कोणी लपत नाही. मुख्य दिव्याच्या निम्मा उजेड समोरून भरावा. चार फूट बाय आठ फूट थर्माकोलच्या दोन शीटांनी ते होतं. जुन्या ट्यूबलाइट असलेल्या खोलीत सेकंदाला २४ फ्रेमने चित्रीकरण करताना चित्र लुकलुकतं, कारण आपली वीज ५० हर्ट्झची. कॅमेऱ्याचं शटर १७२.८ अंशांवर ठेवलं की प्रत्येक फ्रेमला १/५० सेकंद उजेड मिळतो आणि लुकलुक जाते. गावात दुपारी पंप सुरू झाले की व्होल्टेज पडतं, म्हणून दिवे जनरेटरवर. जनरेटर शंभर फुटांपेक्षा जवळ ठेवला तर तो संवादात येतो.

आणि मे महिन्यात, पत्र्याखाली, टेरिलीन घालून कोणालाही विनोद करायला लावू नये.

सायकलीचा प्रसंग

साठीच्या पडद्यावर गाडी जागेवर उभी असायची आणि मागे रस्ता धावायचा. खोटेपणा दिसायचा, आणि आज तोच गोड वाटतो. गटाने नायकाची सायकल स्टँडवर चढवली आणि मागे प्रोजेक्टरने रस्ता टाकला. आठ बाय बारा फुटांचा पांढरा कपडा, पडद्याच्या मागून प्रोजेक्टर, रात्री, म्हणजे बाहेरचा उजेड नाही. पहिला प्रोजेक्टर डीएलपी जातीचा होता. त्याच्या फिरत्या रंगचक्रामुळे कॅमेऱ्यात रंगांचे पट्टे आले. एलसीडी प्रोजेक्टर आणल्यावर गेले. नायकावरचा दिवा पडद्यावर सांडू नये म्हणून नायक कपड्यापासून किमान सहा फूट पुढे.

मागचा रस्ता मे महिन्यात घेतला होता: उघडी, तापलेली काळी रानं. कथा वेचणीच्या हंगामातली. शिवाय दर पन्नास पावलांवर मोबाइलचा टॉवर किंवा सौर पंपाची पाटी. नोव्हेंबरात पहाटे, बैलगाडीच्या मागे कॅमेरा बांधून, बोंडं फुटलेल्या शेतांमधून दोन किलोमीटरची कडेने बाभळी असलेली पांदण घेतली. बैलगाडीचा वेग सायकलीपेक्षा कमी, पण धक्के सारखे. चित्र दीडपट वेगाने चालवल्यावर जुळलं. पायंडल मारणाऱ्या नटाने धक्क्याच्या उलट झुलायचं नाही, एवढं त्याला तीनदा सांगावं लागलं. मध्येच त्या पडद्यावरच्या रस्त्यात एक म्हैस आडवी येते. ती ठेवली. नायक मागे न पाहताच घंटी वाजवतो.

दुसरी जुळणी

आता लघुपट एकोणीस मिनिटांचा आहे. दुभंगलेले प्रसंग पाचाचे तीन झाले, कारण रेघ तेव्हाच आणली जाते जेव्हा दोघांना भेटायची मनाई आहे. शेवटी ते समोरासमोर येतात तेव्हा चौकट अखंड आहे, आणि दोघंही बोलायचं विसरतात; सवयीने वाट पाहतात की आधी कोणीतरी "नंबर?" विचारेल.

एक दोष राहिला होता तो डिसेंबरच्या दाखवणीत कळला. झडप ७ पडते तिथे हसू अपेक्षेपेक्षा लांबलं आणि तिचा "नंबर?" त्या हशात बुडाला. साध्या प्रसंगात तिचा चेहरा दोन सेकंद वाढवला असता. इथे दुसऱ्या बाजूला नायक रिसीव्हर कानाला लावून श्वास घेत होता, त्याला थांबवणार कसं? मग तिसरा भाग कामाला आला: दोघांच्या मध्ये एक अरुंद तुकडा सरकवून त्यात लोंबणारी झडप, थरथर थांबेपर्यंत, अडीच सेकंद. त्याच्याआड दोन्ही बाजूंचे टेक मागे सरकवले. झडप पुन्हा वेगळी घ्यावी लागली, कारण बोर्ड सोडवून त्याचा फळा तोवर शाळेच्या सूचनाफलकाला गेला होता; क्रमांक ७ चा पत्रा तेवढा फळ्यामागच्या माणसाने घरी नेऊन ठेवला होता.